सहा पॅनल, एक स्टार

१५ डिसेंबर, रविवार

अखेर छतावर सोलर बसलं. सहा पॅनल, प्रत्येकी ५४० वॅट. बसवले महेशने. महेश घोटीकडचा. मी सातपूरला कंपनीत क्वालिटीचा हेड होतो तेव्हा दोन वर्षं माझ्या हाताखाली अप्रेंटिस होता. आता तिथेच एक गाळा भाड्याने घेऊन सोलरचा धंदा करतो. मला अजून सर म्हणतो आणि वाकून नमस्कार करतो. म्हणून त्याला काम दिलं असं मात्र कोणी म्हणू नये.

शेजारच्या पुंजाजींकडे परवा त्यानेच बसवलं. एकच माल, एकच टेम्पो. पुंजाजी दिंडोरीकडचे द्राक्षवाले. पोरांच्या शाळेसाठी इथे पाथर्डी फाट्याला बंगला बांधला आणि कोणाला काही कळायच्या आत कॉलनीचे अध्यक्ष होऊन बसले. त्यांनीच ठरवलं की गायधनी सर जाणते हायेत, ते सहा महिने बघतील, अहवाल देतील, मग उरलेल्या अठरा बंगल्यांची ऑर्डर महेशला द्यायची का नाय ते पाहू. माणूस अडाण्यासारखा बोलतो, पण पारख आहे.

जाताना महेश म्हणाला, सर, हे अठरा मिळाले तर गाळा टिकेल, नाहीतर पुन्हा कुठेतरी कामाला लागावं लागेल. मी म्हणालो, ओळख वेगळी, क्वालिटी वेगळी. चांगलं वाक्य आहे. इथे लिहून ठेवतो.

संकल्प : रोज नोंद. रोज तपासणी. राग करायचा नाही.

१६ डिसेंबर

मोबाइलच्या अ‍ॅपवर आज ११.८ युनिट. समाधान. नवीन रजिस्टर घातलं, कडक पुठ्ठ्याचं. रकाने आखले : तारीख, वेळ, युनिट, स्वच्छता, शेरा. पानाखाली दोन सह्या : तपासणारा आणि मंजूर करणारा. सही दोन्ही ठिकाणी माझीच.

१८ डिसेंबर, दुपारी १

फसवणूक पकडली. सहा गुणिले ५४० म्हणजे ३२४०. अ‍ॅपवर भर दुपारी २४५०. उरलेले वॅट कुठे गेले? महेशला फोन. तो म्हणाला, सर, पॅनलच्या मागे लिहिलेला आकडा प्रयोगशाळेतला असतो, तिथे पंचवीस डिग्री ठेवतात, आपल्या छतावर पॅनल साठ डिग्रीपर्यंत तापतं, तापलं की उत्पादन कमी होतं. म्हणजे सूर्यावर चालणारी वस्तू, तिला ऊन सोसत नाही. आणि हे कारखानदार छापून मोकळे. किळस आली.

राग केला नाही. फोन फक्त जोरात ठेवला.

२४ डिसेंबर

सोलर कंपन्यांची नेटवरची रेटिंग वाचण्यात आख्खी सकाळ गेली. शी. लोक पाच स्टार कशाला देतात? ‘मुलगा हसतमुख.’ ‘काम झाल्यावर कचरा उचलला.’ ‘गणपतीच्या फोटोला नमस्कार केला.’ एकानेही युनिट लिहिलेले नाहीत. एका बाईने तीन स्टार दिलेत आणि लिहिलंय, अजून बसवलेलं नाही. या देशात मोजमाप मेलेलं आहे. चौतीस वर्षं मी मायक्रोमीटर घेऊन उभा होतो तो यांच्यासाठी.

सहा महिन्यांनी मीही रेटिंग देणार. असं देईन की लोकांना कळेल रेटिंग कशाला म्हणतात.

२ जानेवारी

समोर बिल्डिंग चाललीय, तिची धूळ पॅनलवर. बोटाने पुसून पाहिलं, बोट राखाडी. धुणं आजपासून सुरू.

महेशचा सल्ला : पंधरा दिवसांतून एकदा, सकाळी पॅनल गार असताना, नळाच्या पाण्याने, मऊ फडक्याने. पंधरा दिवसांतून एकदा. या पोरांना स्वच्छतेची व्याख्याच माहीत नाही. मी रोज धुणार, आणि दुपारी बारा वाजता धुणार, कारण तेव्हा घाण नीट दिसते. पाणी आमच्या बोअरचं. महापालिकेचं प्यायचं पाणी काचेवर ओतणं हा सामाजिक गुन्हा आहे. बोअरचं पाणी इतकं शुद्ध की साबणाचा फेससुद्धा धरत नाही.

लतिका म्हणाली, त्याच पाण्याने आपला गीझर दोनदा गेला. गीझरचा इथे काय संबंध? बायकोशी वाद घातला नाही. संकल्प आहे.

१४ जानेवारी

संक्रांत. पॅनलवर तीन पतंग, भरपूर मांजा आणि एक अर्धा खाल्लेला तिळाचा लाडू. लाडू कोणाचा ते शेवटपर्यंत कळलं नाही. धुतलं. ११.९.

३१ जानेवारी

तीस दिवस, तीस धुणी. एकही खाडा नाही. वयाच्या बासष्टाव्या वर्षी छताला लावलेली शिडी मी रोज चढतो. पॅनलची वॉरंटी पंचवीस वर्षांची, म्हणजे मी सत्त्याऐंशीचा होईपर्यंत. दोघांपैकी कोण जास्त टिकाऊ हे मला आत्ताच दिसतंय.

१२ फेब्रुवारी

पॅनलच्या कडांना पांढरे ठिपके आलेत. फडक्याने जात नाहीत. वरचा थर सुटत असणार. हलका माल.

युनिट ११.४. ऊन वाढतंय आणि हे कमी. सहज बोलता बोलता पुंजाजींना विचारलं. त्यांचे १३.१. मी अ‍ॅप उघडून दाखवायला लावलं. खरंच १३.१.

त्यांच्या छतावर जाऊन आलो. ओकारी यायची बाकी होती. कबुतरांची विष्ठा, वाळलेली पानं, एका कोपऱ्यात चप्पल. डिसेंबरपासून या माणसाने फक्त दोनदा पाइपने नळाचं पाणी मारलंय. मी म्हणालो, हे असं ठेवतात का? ते म्हणाले, सर, चालतंय ना, मग कशाला हात लावायचा. म्हशीला पण रोज नाय धुत आम्ही.

निष्कर्ष उघड आहे. एकाच टेम्पोत दोन लॉट होते. चांगला लॉट अध्यक्षांकडे गेला, उरलेला माझ्याकडे. महेशने हे मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. पण रजिस्टरमध्ये लिहिलंय.

१३ फेब्रुवारी

आजपासून दिवसातून दोनदा धुणार.

३ मार्च

१०.२. पुंजाजी १३.८.

९ मार्च

पांढरं आता सगळीकडे. फडकं बंद, भांड्यांची हिरवी घासणी सुरू. एकेका पॅनलला दहा मिनिटं. खांदा गेला. पुंजाजी त्यांच्या गच्चीवर चहा पीत उभे होते. म्हणाले, लय घासू नका सर, ते काय पातेलं हाय का. आणि हसले. अशा माणसाला उत्तर देऊन मी स्वतःची पातळी खाली आणत नाही. थोडं उत्तर दिलं.

२० मार्च

महेश स्वतःहून आला. पॅनलवर हात फिरवला, बोट नाकाशी नेलं. मग अगदी हळू, खाली बघून म्हणाला, सर, हा क्षार आहे, बोअरच्या पाण्याचा. तापलेल्या काचेवर पाणी लगेच उडतं आणि क्षार तिथेच बसतो. आता घासू नका, मी काहीतरी करतो. सोबत वीस लिटरचे दोन कॅन घेऊन आला होता, फिल्टरचं पाणी. म्हणाला, यानेच धुवा, संपलं की अजून आणून देईन.

मी चौतीस वर्षांत असे शंभर सप्लायर पाहिले. माल खराब निघाला की पहिलं वाक्य हेच : तुम्ही वापरता चुकीचं. माझ्याच हाताखाली शिकून मलाच हे ऐकवतो, याची शिसारी आली. कॅन खाली ठेवून घेतले, वर नेले नाहीत.

२१ मार्च

लतिकेने कॅनमधल्या पाण्यात डाळ लावली. दोन शिट्ट्यांत लोणी झाली. एरवी सहा लागतात. म्हणाली, बघा. डाळ नवी आणलेली असणार.

६ एप्रिल, रामनवमी

८.४.

काळारामाला जाऊन आलो. परत येताना हार्डवेअरच्या दुकानातून फरशीचं अ‍ॅसिड आणलं. चार बाटल्या. देवळात असतानाच सुचलं. आमच्या बाथरूमच्या टाइलवरचे दहा वर्षांचे डाग यानेच गेले होते. काच म्हणजे शेवटी टाइलच.

दुपारी १२ ते ३. सणसणीत फेस आला. डोळ्यांतून पाणी, नाकात आग, लतिकेने खालची सगळी खिडक्या-दारं लावून घेतली. पण पांढरं गेलं. काच अशी लखलखली की डोळे दिपले. जिद्द पाहिजे. रजिस्टरमध्ये लाल शाईने लिहिलं आणि सविस्तर लिहिलं : बाटल्या चार, पाण्याशिवाय, घासणीने, प्रत्येक पॅनलला तीस मिनिटं.

७ एप्रिल

९.६. म्हटलं नव्हतं?

१० एप्रिल

७.९. काच दुधाळ झालीय. पॅनलच्या चौकटी काळ्या पडल्यात. चार महिन्यांत चौकट काळी पडते. अॅल्युमिनियम म्हणून काय विकलं कोणास ठाऊक.

१३ एप्रिल, रविवार

कॉलनीची मीटिंग, माझ्या हॉलमध्ये. सहा महिने ठरले होते, पण खराब माल ओळखायला मला सहा महिने लागत नाहीत.

अहवाल वाचला. अकरा पानं, दोन आलेख. शेवटचं वाक्य : ‘विश्वासार्हता आणि कामगिरी मिळून या कामास मी दहापैकी एक गुण देतो, तोही दया म्हणून.’ शांतता पसरली. माझ्या वाचनात पहिल्यापासूनच वजन आहे.

महेशला मीच बोलावलं होतं, त्याला बाजू मांडता यावी म्हणून. पारदर्शकता. तो मागे चपलांजवळ उभा होता. एवढंच म्हणाला, सर, एकदा सगळ्यांसमोर धुऊन दाखवा, पाणी कोणतं, घासणी कोणती. मी म्हणालो, मी इथे भांडी घासायला बसलेलो नाही. काही लोक हसले. पुंजाजी म्हणाले, माझे तर चांगले चाललेत, घाई नको करायला. पण मतं मोजली तेव्हा सतरा जण माझ्या बाजूने. अठरा बंगल्यांचं काम दुसऱ्याला गेलं.

महेशने जाताना नमस्कार केला. वाकून नाही, उभ्यानेच. मला ते खटकलं.

लतिकेने रात्री जेवताना वाढलं आणि स्वयंपाकघरात जाऊन एकटी जेवली.

१४ एप्रिल

नेटवर महेशच्या गाळ्याच्या पानावर एक स्टार दिला. खाली पूर्ण अहवाल, पूर्ण नाव, हुद्दा : बाळाजी गायधनी, निवृत्त क्वालिटी हेड. ‘दहापैकी एक, तोही दया म्हणून’ हे वाक्य सगळ्यात वर घेतलं. त्याच्याकडे याआधी एकवीस रेटिंग होती, सगळी पाच स्टारची, सगळी हसतमुखवाली. घाण साफ करायची तर सुरुवात कुठूनतरी करावी लागते.

२२ एप्रिल

६३ लोकांना माझं परीक्षण उपयुक्त वाटलं. त्रेसष्ट अनोळखी माणसं. कंपनीत चौतीस वर्षांत मला कोणी एकदासुद्धा उपयुक्त म्हटलं नव्हतं.

२ मे

७.२. ज्या कंपनीने पॅनल बनवले तिच्याकडे थेट वॉरंटीचा दावा ठोकला. आता सहाही नवे बसवून घेणार. आणि माफीचं पत्र.

९ मे

कंपनीतून इंजिनिअर आली. पूजा नावाची, पंचविशीची. सुरुवातीला मला शंका होती, पण मुलगी हुशार निघाली. आल्या आल्या विचारलं, काका, हे धुता कशाने? असा प्रश्न विचारायला सिस्टिम लागते. मी रजिस्टरच काढून दिलं. तिने पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं, मग खुर्ची मागून घेऊन बसूनच वाचलं. म्हणाली, काका, इतकी व्यवस्थित नोंद मी कोणाकडेच पाहिलेली नाही. सगळ्या सत्तेचाळीस पानांचे फोटो घेतले. लाल शाईच्या पानाचे दोन घेतले.

लतिकेला म्हणालो, याला म्हणतात पुरावा. ती म्हणाली, हो.

२० मे

अहवाल आला. दोन पानं. मराठीत सांगायचं तर असं.

काचेवर कठीण पाण्याच्या क्षारांचे थर. घासल्याचे बारीक ओरखडे सर्वत्र. अ‍ॅसिडमुळे काचेचा वरचा थर कायमचा खराब, चौकटीही गेल्या. वॉरंटी रद्द. सोबत पुरावा : ग्राहकाने स्वतः ठेवलेलं रजिस्टर, पानं सत्तेचाळीस, प्रत्येक पानावर दोन सह्या.

खाली एक ओळ : बसवणी उत्तम, कोणताही दोष नाही.

ही ओळ चार वेळा वाचली. मग कागद घडी घालून शर्टाच्या कपाटात शर्टांच्या खाली ठेवला. लतिकेने काढून वाचलाच. घडी घालून परत तिथेच ठेवला. बोलली असती तर बरं झालं असतं.

२१ मे

शिडी उतरवून ठेवली. खांदा दुखतो म्हणून.

२३ मे

स्कूटरवरून सातपूरला गेलो. महेशला समोरासमोर सांगावं, मोठेपणा दाखवावा, असं ठरवून. रस्त्यात वाक्य जुळवलं होतं : महेश, दोन्ही बाजूंनी काही गोष्टी झाल्या.

गाळ्याला शटर, त्यावर भाड्याने देणे आहे असं लिहिलेलं. शेजारचा वेल्डिंगवाला म्हणाला, तो गेला ना एप्रिलमध्येच. कोणीतरी रिटायर साहेबाने नेटवर लय घाण लिहिलं त्याच्याबद्दल. हातातल्या चार ऑर्डरी एका हप्त्यात गेल्या. चांगला पोरगा होता, असल्या म्हाताऱ्यांना काय मिळतं देव जाणे. त्याने मला चहा विचारला. घेतला नाही.

२५ मे

महेशचा फोन. उचलला. ऐकून घ्यायची तयारी होती. तो म्हणाला, सर, पॅनल कसे चाललेत? मी म्हणालो, ठीक. सांगता आलं नाही. समोर कंपनीचा अहवाल होता, नुसता वाचून दाखवायचा होता. तरी ठीक म्हणालो.

मग त्याने सांगितलं, ओझरला एका पार्ट बनवणाऱ्या फर्ममध्ये क्वालिटीच्या जागेसाठी अर्ज केलाय, माझं नाव संदर्भ म्हणून दिलंय, कारण याआधीचा साहेब म्हणून त्याच्याकडे दुसरं कोणी नाही. तिथून फोन येईल, सर, बघा जमलं तर. आवाजात राग नव्हता. मीच शोधत होतो.

२६ मे

आता सगळं नीट होणार. एका फोनमध्ये फिटेल. दहापैकी दहा देणार. माझ्यासारख्या माणसाचे दहा म्हणजे बाहेरचे तीस. प्रामाणिकपणा, काटेकोरपणा, वक्तशीरपणा असा मसुदा तयार केला, पाठ केला. लतिकेला म्हणून दाखवला. ती म्हणाली, आधी नेटवरचं काढा. मी म्हणालो, त्याचा गाळाच बंद झालाय, आता ते कोण वाचतंय. शिवाय ७१ जणांना उपयुक्त वाटलंय. इतक्या लोकांसमोर माणसाला शब्द फिरवता येत नाही.

२९ मे, गुरुवार, दुपारी १२.४०

फोन आला. त्या फर्मची मुलगी, आवाज गोड. मी चष्मा लावला, घसा साफ केला आणि सगळा मसुदा म्हटला. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, सर, फॉर्ममध्ये फक्त आकडा लागतो, दहापैकी. मी म्हणालो, दहा.

थोडा वेळ तिच्या टायपिंगचा आवाज. मग म्हणाली, सर, उमेदवाराचं नाव नेटवर टाकलं की सगळ्यात आधी एक परीक्षण येतं, बाळाजी गायधनी, निवृत्त क्वालिटी हेड. दहापैकी एक. हे आपणच का?

नाशकात गायधनी पुष्कळ आहेत, हे तोंडापर्यंत आलं होतं. म्हणालो, मीच. आणि मग बोलतच गेलो. बोअरचं पाणी मी मारलं. घासणी मी लावली. अ‍ॅसिड मी ओतलं. त्याने सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. त्याच्या कामात काही दोष नव्हता, दोष माझा होता. असं मी आजवर कोणालाच काही सांगितलं नव्हतं. शर्ट घामाने ओला झाला. मला माझीच किळस आली, आणि तरी जरा हलकं वाटत होतं.

ती म्हणाली, सर, एवढं लिहायला रकाना नाहीये. माझ्याकडे दोन आकडे आहेत, एक आणि दहा, दोन्ही आपलेच. सिस्टिम सरासरी घेते. साडेपाच येतात.

मी विचारलं, किती लागतात. क्वालिटीच्या जागेला आठ, ती म्हणाली, आणि वेळ दिल्याबद्दल आभार मानले.

लतिका दारात उभी होती. सगळं ऐकलं होतं. म्हणाली, निदान महेशला आता तुम्हीच फोन करून सांगा. म्हणालो, करतो.

संध्याकाळी ६

केला नाही. त्याचेच दोन फोन येऊन गेले. उचलले नाहीत.